लाँग-ऑनला गाडी लावू नये

खालापूर तालुक्यात गोल्फ आला तो आधी होर्डिंगवर. द्रुतगती मार्गाचा टोलनाका जवळ आला की दोन्ही बाजूंना 'सेकंड होम'ची स्वप्नं उभी राहतात, आणि त्यांतल्या एखाद्यात तरी पांढरी पँट घातलेला, एकाच हातात मोजा असलेला गृहस्थ काठी खांद्यामागे नेऊन दूरवर बघत असतो. सावरोलीकडे तर एका वसाहतीच्या नावातच गोल्फ आहे. गृहस्थाच्या मागे सह्याद्री असतो, तोही मे महिन्यातला करपलेला नव्हे, ऑगस्टमधला. हिरवळ असते, तळं असतं, कौतुकाने बघणारी बायको असते. चेंडू तेवढा नसतो. चेंडू गेलेला असतो. कुठे गेला ते होर्डिंगवर लिहिलेलं नाही. खाली 'अटी व शर्ती लागू' एवढंच बारीक अक्षरांत आहे.

चेंडू कोणाच्या अंगणात गेला, यावरून ज्या मुलखात दोन आळ्या वर्ष-वर्ष एकमेकींच्या हळदीला जात नाहीत, तिथे नेमकी ही माहिती चित्रातून गाळणं मला बरं दिसत नाही.

कारण गोल्फचा चेंडू दिसतो तेवढा गरीब नाही. नियमाप्रमाणे तो 45.93 ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नसावा. म्हणजे आपल्या टेनिसच्या चेंडूहूनही हलका. पण टेनिसचा चेंडू आतून पोकळ, हा भरीव. आणि कसलेल्या खेळाडूच्या काठीवरून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी 270 किलोमीटरच्या आसपास असतो. खाली द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला 100 ची मर्यादा, घाटात 60 ची; जरा काटा पुढे सरकला की कॅमेरा फोटो काढतो आणि घरी पोचायच्या आत मोबाइलवर चलान येतं. चेंडूला चलान नाही. त्याच्यावरही नंबर असतो बरं का, पण तो आरटीओचा नव्हे.

गोल्फवाले म्हणतात, आम्ही ओरडून सूचना देतो. देतात हे खरं. चेंडू माणसाच्या दिशेने निघाला की 'फोर!' असं ओरडायचा त्यांचा शिष्टाचारच आहे. पण कर्जतच्या माणसाला 'फोर' ऐकल्यावर डोकं झाकायचं सुचेल, ही आशा व्यर्थ आहे. तो आधी अंपायरच्या हाताकडे बघेल, मग सीमारेषेकडे, आणि 'फोर कसला, टप्पा बाहेर होता' असं म्हणायला तोंड उघडेल. तेवढ्यात चेंडू पोचलेला असेल.

शिकाऊ लोकांचे फटके भरकटतात, मुरलेल्यांचे नाही, असाही एक समज आहे. 2018 साली पॅरिसजवळ रायडर चषकाचे सामने झाले. तिथे ब्रूक्स केपका या त्या वर्षीच्या अमेरिकन ओपन विजेत्याचा फटका गर्दीत गेला आणि बघायला आलेल्या एका बाईंचा उजवा डोळा कायमचा गेला. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बाकीचं जे सांगणार आहे ते हसत सांगेन, पण या बाईंना विसरून नव्हे.

हसण्यासारखं मोठ्या लोकांत बरंच आहे. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी 1970 साली बॉब होप यांच्या नावाच्या स्पर्धेत आपल्याच जोडीदाराच्या, म्हणजे डग सँडर्स या व्यावसायिक खेळाडूच्या, डोक्यात चेंडू घातला. एवढ्यावर माणूस थांबतो. उपाध्यक्ष पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि त्यांनी पहिल्या दोन फटक्यांत तीन प्रेक्षक टिपले. पुढे 1995 मध्ये त्याच स्पर्धेत तीन अध्यक्ष एकत्र उतरले: पदावर असलेले क्लिंटन आणि माजी झालेले फोर्ड व थोरले बुश. बुशसाहेबांच्या चेंडूने एका बाईच्या नाकावर टाके पडले, फोर्डसाहेबांचा दुसरीच्या हाताला लागला. तिन्ही अध्यक्षांभोवती बंदूकधारी पहारा होता. त्यांना लोकांपासून जपायची चोख व्यवस्था होती. लोकांना त्यांच्यापासून जपायचं कोणाला सुचलं नव्हतं. आपल्याकडचे पुढारी या बाबतीत फार समंजस. ते टूर्नामेंटच्या उद्घाटनाला येतात, हातात बॅट धरतात, कार्यकर्ता चार पावलांवरून हळूच चेंडू टाकतो, साहेब तो सोडतात, टाळ्या होतात, फोटो होतो आणि गाड्यांचा ताफा पुढच्या टूर्नामेंटला जातो. जीवितहानी नाही.

ॲग्न्यूसाहेबांनी ते तीन प्रेक्षक टिपले तो महिना फेब्रुवारी 1971. त्याच महिन्यात ॲलन शेपर्ड नावाच्या अंतराळवीराने चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. गोल्फ खेळायला पूर्णपणे सुरक्षित अशी जागा माणसाला सापडली ती तेवढीच. तिथेही स्वभाव सुटला नाही. चेंडू मैलोगणती गेला, असं शेपर्ड यांनी तिथूनच सांगून टाकलं. पन्नास वर्षांनी कोणीतरी जुने फोटो नीट मोजले, तर लांबचा चेंडू 40 यार्डांवर निघाला. मला या गोष्टीचा मुळीच धक्का बसला नाही. कर्जतला स्टेशनजवळ कट्ट्यावर बसा. अमक्याने मारलेला षटकार रुळांवर उभ्या मालगाडीच्या डब्यात पडला, मागून बँकर इंजिनं लागली आणि चेंडू घाट चढून लोणावळ्याला गेला, हे तुम्हाला शपथेवर सांगतील. त्याचे फोटो नाहीत म्हणून मोजणी राहिली आहे, इतकंच.

तर मुद्दा असा, की गोल्फ अजून आमच्याकडे बराचसा चित्रात आहे. खरोखरचा बघायचा तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खारघरला जावं लागतं. तिथे सिडकोने डोंगराच्या कुशीत 2012 पासून मैदान चालवलं आहे. पण भरकटलेला फटका म्हणजे काय, हे शिकायला कर्जत-खालापूरला खारघरपर्यंत जायची गरज नाही. तो विषय आमच्याकडे पदवीपर्यंत शिकवला जातो.

कर्जत तालुक्यातली भातजमीन दोन प्रकारची. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याने जिथे पोचतं, तिथे उन्हाळी भात. जिथे पोचत नाही, तिथे क्रिकेट. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी उरकली की पोरं खाचरात उतरतात. दोन खाचरांमधला बांध म्हणजे सीमारेषा, धसकटं उपटून आणि पाणी मारून मधली पट्टी ठोकली की पिच. जानेवारीपासून टूर्नामेंटा. फक्कीची गोल रेघ, मांडव, स्पीकर, कोणाच्या तरी स्मरणार्थ चषक आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. घरं या सगळ्याला लागूनच असतात, कारण गावात घरं आधीपासून आहेत आणि पोरंही.

इतक्या जवळ घरं असल्यावर कायदा आपोआप तयार होतो. थेट घरात गेला तर बाद. अंगणात टप्पा पडून गेला तर एकच धाव. मारणाऱ्यानेच आणायचा, हे मूळ कलम. त्याला कोर्टात आव्हान नाही. चेंडू काकींच्या पडवीत गेला असेल तर काकींशी ज्याचं सध्या बरं आहे त्याला पाठवायचं, हे पोटकलम. 'काकी, बॉल द्या ना' हे वाक्य म्हणताना आवाज किती खाली आणायचा, याचं शिक्षण घरचे देत नाहीत, मैदान देतं. काकी दोन मिनिटं काहीच बोलत नाहीत. मग 'कोणी मारला?' असं विचारतात. इथे नव्या फौजदारी कायद्याचा आधार घ्यायची प्रथा आहे. भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेतही तसंच होतं. पोरांनी दोन्हीपैकी काहीच वाचलेलं नाही, पण काच फुटल्यावर काकी बाहेर येईपर्यंत बॅट नेमकी सर्वांत लहान पोराच्या हातात सापडते. त्याला त्या दिवसापुरती बॅटिंग मिळालेली असते, तीही अशी.

नुकसानीचंही आमच्याकडे एक वेळापत्रक आहे. पत्र्याच्या छपरावर चेंडू पडला तर आवाजच इतका होतो, की आतली माणसं भांडायला तयार होऊनच बाहेर येतात. प्रत्यक्षात पत्र्याला पोचा पडतो आणि विषय संपतो. कौल फार सोशिक. एप्रिलमधल्या षटकाराने कौलाला तडा जातो, तेव्हा कोणालाच कळत नाही. टाळ्या होतात, चषक वाटला जातो, मॅन ऑफ द सिरीज सायकल घेऊन घरी जातो. मग मृगाचा पाऊस येतो आणि रात्री दोन वाजता बरोबर गादीच्या मधोमध थेंब पडतो. एप्रिलच्या षटकाराची पावती अशी जूनमध्ये मिळते. तोवर खेळाडू कंपनीत दुसऱ्या पाळीला लागलेला असतो, टीम फुटलेली असते, आणि नुकसानभरपाई म्हणून एक पातेलं गादीवर ठेवून घरधनी कड बदलतो.

सगळ्यात वाईट महिना मे. कारण क्रिकेटचा हंगाम आणि वाळवणाचा हंगाम एकच. गच्चीवर, अंगणात, जिथे जुनी साडी पसरता येईल तिथे फेण्या, पोह्याचे पापड, आंबोशी आणि वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या. गेल्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या गच्चीवर एक उंच चेंडू आला. फेण्यांवर पडला असता तर घरातल्या बायकांनी मैदानावर चाल केली असती. तो मिरच्यांत पडला. चेंडू आणायला आलेला पोरगा शहाणा. कोणी बघायच्या आत, पायाचा आवाज न करता मिरच्या दोन्ही हातांनी उपसून त्याने चेंडू काढला, मिरच्या पुन्हा जशाच्या तशा सारख्या केल्या, चेंडू खाली टाकला आणि कपाळावरचा घाम पुसला. घाम डोळ्यांपर्यंत आला होता. त्यानंतर त्याने जो सूर लावला तो ऐकून मालकीणबाई चिडून नव्हे, घाबरून वर धावल्या. गार पाणी, दुधाची पट्टी, पंखा, सगळं झालं. खाली सामना थांबला नव्हता. हा पोरगा शॉर्ट-थर्डला उभा असायचा. त्याची जागा रिकामी दिसताच फलंदाजाने लागोपाठ दोन चौकार काढले. संघभावनेवर जे लोक भाषणं देतात त्यांनी ही नोंद घ्यावी.

आता गाड्या. गावात पूर्वी गाड्याच नव्हत्या, त्यामुळे हा अध्याय नवा आहे. टूर्नामेंटच्या रविवारी पाहुणे येतात. सावली बघून गाडी लावतात. मोकळ्या खाचरांत सावली कुठे, तर बांधावरच्या एकुलत्या एका आंब्याखाली. आणि तो आंबा कुठे, तर लाँग-ऑनला. समालोचक तीनदा सांगतो, 'एमएच 05 वाल्यांनी आपली पांढरी गाडी काढून घ्यावी, विनंती आहे.' एमएच 05 वाले मांडवात वडापाव खात, मान डोलवत, दुसऱ्या कोणाची तरी गाडी असेल अशा समाधानात ऐकत असतात. चौथ्या वेळी समालोचकाचा सूर बदलतो: 'आणि हा चेंडू थेट डोंबिवलीला!' पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटलेली असते. मैदानात नाच चालू, कारण सामना शेवटच्या षटकात होता. ज्याने मारला त्याला खांद्यावर घेतलेलं असतं, म्हणजे मारला कोणी हा प्रश्नच नको. पण मालक तावातावाने आत आला आणि 'कोणी मारला?' म्हणाला की अकरा जण एकदम खाली बघतात. षटकार टीमचा असतो, काच चेंडूने फोडलेली असते.

कर्जत तालुक्यात या संकटापासून सुटलेली एकच जागा: माथेरान. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना बंदीच आहे. तिथे घोड्यांनी जपून राहावं.

काचेचा विमा मिळतो, पण फॉर्मवर 'अपघात कसा झाला' या रकान्यात काय लिहायचं यावर रात्र जाते, आणि पैसे घेतले की जपून ठेवलेला नो क्लेम बोनस जातो. या बाबतीत गोल्फवाल्यांची व्यवस्था मला फार आवडली. आपल्याच देशातल्या विमा कंपन्या गोल्फ खेळणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी विकतात. तुमचा चेंडू दुसऱ्याला लागला तर त्याची भरपाई, काठ्या मोडल्या किंवा चोरीला गेल्या तर भरपाई, आणि एकाच फटक्यात चेंडू खळग्यात गेला तर त्या आनंदात क्लबातल्या मंडळींना जी पार्टी द्यावी लागते तिचाही खर्च. म्हणजे फटका चुकला तरी अपघात आणि साधला तरी अपघात. आमच्याकडे षटकारानंतर बिर्याणी खिशातून घालावी लागते. विम्याचा एजंट त्या वेळी बिर्याणी खायला असतो.

भांडण कोर्टात न्यायचं तर इंग्रजांनी आधीच रस्ता मळून ठेवला आहे. केंटमध्ये सँडविच नावाच्या गावाजवळ गोल्फच्या मैदानावर तेराव्या खळग्यासाठी चेंडू मारायची जागा रस्त्याला लागून होती. एका टॅक्सीवाल्याची काच चेंडूने फुटली, काचेचा तुकडा डोळ्यात गेला, डोळा गेला. 1922 मध्ये कोर्टाने क्लबला जबाबदार धरलं: अशी जागा रस्त्याकडेला ठेवणं हाच उपद्रव. आता ही उलट बाजू. 1947 साली मँचेस्टरजवळ बेसी स्टोन नावाच्या बाई घरासमोर उभ्या होत्या, मैदानातून आलेला क्रिकेटचा चेंडू त्यांना लागला. साक्षी-पुरावे झाले. तीसेक वर्षांत चेंडू रस्त्यावर गेला तो सहा वेळा, असं निघालं. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1951 मध्ये क्लबला सोडलं. इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी खेळ बंद करत नाही. आपल्या लॉ कॉलेजात आजही हा निकाल पोरं पाठ करतात. तीस वर्षांत सहा! आमच्याकडे पॉवरप्लेमध्ये सहा जातात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एका कुटुंबाने गोल्फच्या मैदानाला लागून घर घेतलं, आणि चार-साडेचार वर्षांत 651 चेंडू त्यांच्या आवारात आले. त्यांनी ते मोजले, हे मला थोर वाटतं. ज्युरीने व्याज धरून जवळपास 49 लाख डॉलर मंजूर केले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो निकाल रद्द केला. 651 चेंडू कुटुंबाकडे राहिले असावेत. आमच्या पोरांना कळलं तर ती व्हिसा काढतील.

पण कर्जत-खालापूरकरांनी भिंतीवर लावावा असा निकाल आहे 1977 चा. इंग्लंडच्या उत्तर भागात लिंट्झ नावाच्या गावात सत्तर वर्षं क्रिकेट चालू होतं. मैदानाला लागून नव्या घरांची वसाहत झाली, 1972 मध्ये मिलर नवरा-बायकोने त्यातलं एक घेतलं, आणि चेंडू बागेत येतात म्हणून कोर्टात गेले. न्यायमूर्ती डेनिंग यांनी निकालात जे मांडलं त्याचा मथितार्थ असा, की या वसाहतीच्या जागेवर आधी गुरं चरायची आणि गुरांची क्रिकेटबद्दल काही तक्रार नव्हती. तिघांपैकी दोघा न्यायाधीशांनी खेळ बंद करायला नकार दिला. मिलरांना 400 पौंडांवर समाधान मानावं लागलं.

हे वाचताना मला आपलंच गाव दिसलं. गुरचरणाला लागून कोणाची तरी वर्कस जमीन विकली जाते. आधी तारेचं कुंपण येतं, मग गेट, मग गेटवर इंग्रजी नाव, मग मैदानाकडे तोंड करून दोन मजली काच. काच का, तर व्ह्यू. शेठ शुक्रवारी रात्री येतात, शनिवारी झोपतात आणि रविवारी सकाळी व्ह्यूमध्ये बावीस पोरं दिसल्यावर सरपंचांना फोन करतात. सरपंच म्हणतात, 'साहेब, पोरं पहिल्यापासून इथेच खेळतात.' शेठ म्हणतात, 'मी एवढे पैसे टाकलेत.' दोघांचंही खरं आहे, पण आधी कोण आलं, याचं उत्तर एकच आहे, आणि ते गुरांनाही माहीत आहे.

काही शहाणे शेठ मात्र दुसऱ्याच हंगामात जाळी लावून घेतात, टूर्नामेंटला दुसरं पारितोषिक देतात आणि बॅनरवर फोटो मिळवतात. त्यानंतर त्यांच्या काचेला चेंडू लागला तर पोरं स्वतः येऊन सांगतात. लागायचा थांबत नाही, पण सांगतात.

गोल्फ आला तर त्यालाही माझी ना नाही. फक्त होर्डिंगवरच्या त्या गृहस्थाने चेंडू कोणत्या गट नंबरकडे मारला आहे, ते खाली बारीक अक्षरांत का होईना छापावं. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. त्यात कोणाची वाट, कोणाची विहीर, कोणाचा बोजा, सगळं येतं. 'पूर्वापार चेंडू येतो' एवढं मात्र तलाठी लिहून देत नाही. ते तुम्हालाच बघायला हवं. तेव्हा आमच्याकडे जागा बघायला येणार असाल तर पावसाळ्यात येऊ नका. तेव्हा धबधबे असतात, सगळंच गोड दिसतं आणि मैदानात भात असतं. मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी चारनंतर या. इसार देण्याआधी प्लॉटच्या मधोमध दहा मिनिटं उभे राहा. आणि गाडी आंब्याखाली लावू नका.